क्लॅम वाळूवर ठेवा आणि हात टँकबाहेर काढा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहतो. घरी चार फुटी रीफ टँक (प्रवाळ आणि माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, दगड-वाळू वजा जाता साधारण 260 लिटर पाणी बसतं. दोन क्लाउनफिश, एक यलो टँग, एक कोरल ब्यूटी आणि थोडे झोअँथिड, लेदर कोरल आहेत. दोन महिन्यांपूर्वी दहा सेंटिमीटरचा डेरासा जातीचा क्लॅम (मोठा होणारा समुद्री शिंपला) घेतला. तो फार्ममध्ये वाढवलेला आहे, आयातीच्या कागदांच्या प्रतीही मिळाल्या. क्लॅमला भरपूर उजेड लागतो असं वाचलं, म्हणून एलईडीच्या बरोबर खाली सगळ्यात वरच्या दगडावर ठेवला. दोनदा घसरून पडला. मग जागा चार वेळा बदलली. आता तो पूर्ण उघडत नाही, एका बाजूचं मँटल (शिंपल्याबाहेर पसरणारा मांसल पडदा) आखडलेलं असतं आणि कधी कधी वरचं भोक मोठं उघडं राहतं. रीडिंग : क्षारता (विशिष्ट गुरुत्व) 1.025, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) 6.5, कॅल्शियम 360, नायट्रेट शून्य, तापमान 29. सासुरवाडी वेंगुर्ल्याला आहे, तिथून समुद्राचं पाणी कॅन भरून आणतो. रोजची भर स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने. रोज फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ) घालतो. त्याला नेमकं कुठे ठेवू आणि काय खायला देऊ? गणपतीत आम्ही पाच-सहा दिवस गावी असतो, तेव्हा काय करायचं? मुलगी निळा मॅक्सिमा जातीचा क्लॅमही घ्या म्हणून मागे लागली आहे. एक जण द्यायला तयार आहे, कागदांची गरज नाही म्हणतो.

— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'जागा चार वेळा बदलली' हे वाक्य. बाकीच्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत, पण दर पंधरा दिवसांनी नवा उजेड, नवा प्रवाह आणि नवा दगड मिळाला तर धडधाकट क्लॅमही मिटूनच बसेल.

डेरासा हा वरच्या दगडावर बसवायचा क्लॅम नव्हे. लहान असताना तो पायापासून निघणाऱ्या बिससच्या धाग्यांनी खडकाला धरून राहतो. मोठा होत जातो तशी ती पकड सुटते आणि पुढे तो आपल्या वजनावर वाळूत, प्रवाळाच्या चुऱ्यात बसून राहतो. उघड्या दगडावर ठेवायचा तो मॅक्सिमा, आणि दगडाच्या खाचेत स्वतःला कोरून घेतो तो क्रोसिया. 'क्लॅमला उजेड लागतो' हे तुम्ही वाचलंत ते खरंच आहे, पण ते बहुधा या दोघांबद्दल लिहिलेलं असणार. डेरासा आणि स्क्वामोसा कमी उजेडात भागवतात. तेव्हा तुमच्या क्लॅमची जागा टँकच्या तळाशी, वाळूवर, पुढच्या काचेपासून जरा आत.

वाळूवर नुसता ठेवू नका. खाली तळहाताएवढी सपाट दगडी चकती ठेवा आणि तिच्यावर अर्धा-पाऊण सेंटिमीटर वाळू पसरा. याचे दोन फायदे आहेत. धागे धरायचे असतील तर तो त्या चकतीला धरतो आणि पुढे कधी हलवायची वेळ आली तर चकतीसकट उचलता येतो. शिवाय वाळूतून येणाऱ्या किड्या-गोगलगायींना खालून शिरायला सोपी वाट राहत नाही. दोन्ही बाजूंना लहान दगड टेकवून तो सरळ उभा राहील असं करा. मँटल वर उजेडाकडे, बिससची फट खाली.

उचलण्याआधी मात्र आडवं वाकून तळाकडे नीट बघा. धागे दगडाला चिकटलेले असतील तर ओढायचं नाही. ओढलं तर धागा सहसा तुटत नाही, मुळाशी असलेली ग्रंथी फाटते, आणि तसा क्लॅम पुढच्या काही दिवसांत जातो. एक तर दगडासकट हलवा, नाही तर नव्या ब्लेडने दगडाच्या अगदी लगत धागे कापा. ते तो परत तयार करतो. उचलताना त्याला आधी मिटू द्या, दोन्ही शिंपल्यांना बाहेरून धरा आणि शक्यतो पाण्याखालूनच न्या. चुकून पाण्याबाहेर आलाच तर परत बुडवताना तिरका करून आतली हवा निघू द्या.

आता उजेड. मँटलमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि क्लॅमचं पोट मुख्यतः त्यावर भरतं. तुम्हाला दिसणारी निळी-हिरवी चमक या शेवाळाची नाही. ती मँटलमधल्या वेगळ्या पेशींची आहे, आणि त्या पेशी आलेला प्रकाश आतल्या शेवाळापर्यंत पसरवतात. शेवाळाला उजेड कमी पडला तर क्लॅम हळूहळू उपाशी मरतो. अचानक फार मिळाला तर शेवाळ बाहेर टाकून पांढरट पडतो. डेरासाला पार मीटरवर (शेवाळाच्या उपयोगाचा उजेड मोजणाऱ्या यंत्रावर) 150 ते 250 पुरतं. एलईडीच्या थेट खाली, पृष्ठभागापासून वीतभर अंतरावर तुम्ही ठेवलेल्या जागी ते सहज 400 च्या वर गेलं असेल. मीटर विकत घ्यायला महाग पडतो. गावात टँकवाल्यांचा गट असेल तर एका संध्याकाळीपुरता मागून आणा, वाळूवर चार-पाच ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. मीटर मिळालाच नाही तर जागा बदलल्यावर लाइट पूर्वीच्या निम्म्यावर आणा आणि तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवा. रंग खुलून दिसावेत म्हणून दिवसभर नुसता निळा लाइट ठेवत असाल तर त्यात पांढराही मिसळा. निळ्यात दोष दिसत नाहीत, मँटल फिकं पडत असलं तरी तुम्हाला ते छानच वाटेल.

वेव्हमेकरची (पाणी हलवणाऱ्या पंपाची) धार थेट त्याच्यावर येता कामा नये. मँटलची कड हलकी डोलत असेल तर प्रवाह ठीक आहे. एकाच बाजूची कड दुमडलेली राहत असेल तर बहुतेक त्या बाजूनेच धार येते आहे. तुमचं 'एका बाजूचं मँटल आखडलेलं' यातूनच आलं असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

पण माझा दुसरा संशय कोरल ब्यूटीवर आहे. हा बुटका एंजलफिश आहे, आणि या घराण्यातले बरेच मासे क्लॅमच्या मँटलला चोच मारतात. सगळे मारतात असं नाही. काही वर्षानुवर्षं शहाण्यासारखे राहतात आणि एक दिवस चव लागते. तुम्ही समोर असताना तो दगडावरचं शेवाळ खात फिरेल, म्हणून खोलीतला दिवा बंद करून लांबून अर्धा तास बघा, नाही तर मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ काढा. मासा जवळ आला की क्लॅम झटकन मिटतो आहे, असं दोन-तीनदा दिसलं तर निर्णय तिथेच झाला. दोघांपैकी एकाला दुसरा टँक बघावा लागेल. सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत) जागा असेल तर आठवडाभर मासा तिथे ठेवा. तेवढ्यात क्लॅम खुलला तर वेगळा पुरावा नको. एवढ्या एका बाबतीत 'थांबा आणि बघा' असं मी म्हणणार नाही, कारण मँटलला जखम झाली की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

भोक मोठं उघडं राहतं म्हणता, ते पाणी आत घेण्याचं तोंड. ते एरवी लांबट फटीसारखं असतं, दुसरं लहान नळीसारखं तोंड पाणी बाहेर टाकतं. कधीमधी ते पसरलं तर काळजी नको. तासन् तास पसरलेलं राहून आतल्या कल्ल्यांच्या झालरी दिसायला लागल्या तर तो त्रासात आहे. रोजची साधी परीक्षा अशी : लाइट आणि क्लॅम यांच्या मधून हात फिरवा. मँटलच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात, सावली पडताच चांगला क्लॅम मागे हटतो. तुमचा हटत असेल तर हातचा गेलेला नाही. सावलीला दाद देणं पूर्ण बंद झालं आणि वास यायला लागला तर मात्र लगेच बाहेर काढा. एवढा मांसल जीव 260 लिटरमध्ये सडला तर बाकी टँकही घेऊन जाईल.

लाइट बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन एकदा शिंपल्याची कड आणि तळ तपासा. तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या, टोकदार गोगलगायी दिसल्या तर त्या पिरामिडेलिड. मँटलच्या कडेतून त्या क्लॅमचा रस शोषतात आणि दिवसा लपून बसतात. टँकचंच पाणी बादलीत घेऊन त्यात क्लॅम मऊ टूथब्रशने घासा, शिंपल्यावरच्या घड्यांतले जेलीसारखे अंड्यांचे पुंजकेही काढा आणि आठवड्याने परत बघा. एका घासण्यात त्या संपत नाहीत. वाळूतले केसाळ किडे मात्र सहसा निर्दोष असतात. ते मेलेलं खायला येतात आणि खुनाचा आळ त्यांच्यावर येतो.

आता तुमचे आकडे. क्षारता 1.025 उत्तम, तिला हात लावू नका. केएच 6.5 आणि कॅल्शियम 360 मात्र वाढत्या शिंपल्याला कमी आहेत. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते तो पाण्यातूनच उचलतो. केएच 8 ते 9 आणि कॅल्शियम 420 च्या आसपास आणा, पण सावकाश. केएच एका दिवसात एका अंशापेक्षा जास्त वाढवू नका. 100 लिटरला साधारण 3 ग्रॅम खाण्याचा सोडा एक अंश वाढवतो, म्हणजे तुमच्या टँकला दिवसाला फार तर 8 ग्रॅम, आरओच्या पाण्यात विरघळवून, प्रवाहात हळूहळू. सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. कॅल्शियमसाठी डायहायड्रेट कॅल्शियम क्लोराइड : 100 लिटरला 7 ग्रॅमने सुमारे 20 मिलिग्रॅम वाढतं. तीन दिवस, तीन हप्ते. ही दोन द्रावणं एकाच वेळी, एकाच जागी ओतली तर पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही फुकट जातात. एक सकाळी घाला, एक रात्री. मॅग्नेशियम तुम्ही मोजलेलंच दिसत नाही. ते 1250 ते 1350 मध्ये नसेल तर वरची दोन्ही टिकत नाहीत.

एकदा पातळी आली की ती राखायला चुन्याची निवळी स्वस्त आणि चांगली. लिटरभर आरओच्या पाण्यात दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडा. बाष्पीभवनाने जेवढं पाणी उडतं तेवढंच, त्याहून जास्त नाही, कारण निवळीचा पीएच 12 च्या वर असतो. पानाच्या ठेल्यावरचा चुना यासाठी आणू नका. तो कशात भाजला आणि त्यात काय मिसळलं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रयोगशाळेचा किंवा खाद्य दर्जाचा घ्या. (कोकणात पूर्वी शिंपले भाजूनच चुना करायचे. म्हणजे एका शिंपल्याचा चुना दुसऱ्याच्या कामी येणं यात नवल काही नाही.)

नायट्रेट शून्य हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय असं वाटलं. क्लॅमच्या शेवाळाला नायट्रोजन लागतो आणि तो क्लॅम पाण्यातून थेट घेतो. 2 ते 10 मिलिग्रॅम असू द्या. त्यासाठी बाटली आणायची गरज नाही. माशांना खायला जरा हात सैल करा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) थोडा कमी चालवा, एवढ्यानेच होईल. बेळगावच्या हवेला 29 तापमान मला जरा जास्त वाटतं, टँकचं झाकण बंद असणार. झाकण काढून जाळी टाका आणि पृष्ठभागावरून वारा जाईल असा लहान पंखा लावा, दोनेक अंश सहज उतरतात. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा पंख्याचा गुण कमी येतो, पण तेव्हा गरजही कमीच. 25-26 वर स्थिर राहू द्या. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र इथे थंडी पडते, तेव्हा हीटर चालू आहे ना हे तपासा.

वेंगुर्ल्याच्या पाण्याबद्दल. सासुरवाडीचं आहे म्हणून काही म्हणत नाही, पण जून ते सप्टेंबर ते आणू नका. कोकणातल्या नद्या त्या दिवसांत गोडं पाणी आणि लाल माती समुद्रात ओततात, किनाऱ्यालगतची क्षारता खाली जाते आणि गढूळपणा वाढतो. आंबोलीच्या पावसातून कॅन चढवून आणायचे आणि घरी येऊन त्यात मीठ मिसळायचं, तर मिठाची पिशवीच आणलेली काय वाईट? थंडीत आणायचंच असेल तर जेट्टीपासून, होड्यांच्या डिझेलपासून लांब, खडकाळ जागी, भरतीच्या वेळी भरा, गाळा, आठवडाभर अंधारात झाकून ठेवा आणि वापरण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजा. माझं मत विचाराल तर क्लॅम असलेल्या टँकला कृत्रिम मीठच. समुद्राचं पाणी चांगलं असतं, पण दोन फेऱ्यांचं एकसारखं नसतं.

स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये बहुधा चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. राकसकोप धरणाचं येवो की हिडकलचं, ते पाणी प्यायला चांगलं, टँकला नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) लावा. शून्य दाखवत नसेल तर आरओच्या पुढे डीआयची (उरलेले क्षार काढणाऱ्या रेझिनची) नळी जोडा. बोअरचं पाणी तर नकोच. आणि माशांना कधी पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध या टँकमध्ये चुकूनही घालू नका, वेगळ्या टँकमध्ये उपचार करा. थोडं तांबंही क्लॅमला संपवतं.

खाण्याबद्दल थोडक्यात : दहा सेंटिमीटरच्या डेरासाला रोज फायटोची गरज नाही. पाच सेंटिमीटरच्या आतल्या पिल्लांना त्याचा फायदा होतो. तुमच्या क्लॅमला उजेड आणि माशांची विष्ठा पुरते. आठवड्यातून एकदा द्यावंसं वाटलं तर द्या. चिमट्याने त्याच्या तोंडात काही टाकू नका, हे मुलीलाही सांगा.

आता मॅक्सिमा. 'कागदांची गरज नाही' म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा. मॅक्सिमा, स्क्वामोसा आणि हिप्पोपस हे क्लॅम 2001 मध्ये वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच. सगळे दगडी प्रवाळही त्याच वेळी त्यात आले. मॅक्सिमा लक्षद्वीप-अंदमानला निसर्गतः आढळतो, आणि कागदाविना मिळणारा क्लॅम तिथून ओरबाडलेला असण्याची शक्यता उघड आहे. हे घरात सापडलं तर दंड आणि तुरुंग दोन्हींची तरतूद आहे.

तुमचा डेरासा या यादीतला नाही, पण त्याचीही कागदपत्रं हवीतच. क्लॅमचं हे सगळं कुळ सायटीस या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 च्या दुरुस्तीने, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, सायटीसमधल्या जिवंत प्राण्यांसाठी कायद्यात वेगळी चौथी अनुसूची आली. असा प्राणी घरी असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, मेला किंवा दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. तुमच्याकडे 'प्रती' आहेत म्हणता. त्यांवर प्रजातीचं नाव, सायटीस परवान्याचा क्रमांक आणि तुमच्या नावाची पावती आहे का ते बघा, आणि बेळगावच्या वन विभागाच्या कार्यालयात जाऊन नोंदीचं विचारून घ्या. शिंपलाही एकदा निरखा. डेरासाचा बराचसा गुळगुळीत असतो, मॅक्सिमावर दाट खवले असतात आणि खालची फट मोठी असते, स्क्वामोसावर मोठे सुटे पंखे. डेरासा म्हणून दुसरंच काही गळ्यात मारलेलं नसावं.

दुसरा क्लॅम न घेण्याचं साधं कारणही आहे. जायगास ही जात सोडली तर डेरासा हाच सगळ्यात मोठा होणारा, निसर्गात 50-60 सेंटिमीटरपर्यंत. नीट बसला तर वर्षाला चार-पाच सेंटिमीटर सहज वाढेल आणि काही वर्षांत तुमची चार फुटी वाळू त्यालाच पुरणार नाही. तेव्हा तो कुणाला देणार हे आत्ताच मनात धरा, कारण देतानाही कागद करावे लागतील.

गणपतीचं. क्लॅम पाच दिवस काही न खाता मजेत राहतो. धोका असतो तो वीज आणि पाण्याचा. त्या दिवसांत पाऊस असतो, वीज जाते. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर आणि रिटर्न पंप ठेवा, लाइट ठेवू नका. एक-दोन दिवस अंधार चालतो, पण पाणी हललं नाही तर काही तासांत ऑक्सिजन उतरतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवा. भर घालायला ऑटो टॉप-अप बसवा, आणि त्याच्या टाकीत त्या आठवड्यापुरतं निवळी न घालता साधं आरओ-डीआयचं पाणी भरा, म्हणजे फ्लोट अडकला तरी पीएच उडणार नाही. शेजारच्या अक्कांकडे किल्ली देणार असाल तर त्यांना दोनच कामं सांगा : पाणी हलतंय का बघायचं आणि थर्मामीटरचा फोटो पाठवायचा. माशांचं खाणं दिवसागणिक कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवा आणि डबा कपाटात कुलूपबंद करा, नाही तर प्रेमाने मूठभर पडतं. लाइटच्या टायमरला हात लावू नका म्हणावं.

जागा बदलल्यावर चार आठवडे वाट बघा. दर रविवारी केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम वहीत लिहा आणि त्याच वेळी, पांढऱ्या लाइटमध्ये, वरून एक फोटो काढा. शिंपल्याच्या वरच्या कडेला नव्या वाढीची पांढरीशुभ्र पट्टी दिसते का बघा. चार आठवड्यांनंतर लिहाल तेव्हा मॅग्नेशियमचा आकडा आणि कोरल ब्यूटीचा व्हिडिओ, दोन्ही पाठवा.